जमनाबाय तीनदा विचारते

मनोरच्या बाजारातले कांदेवाले जमनाबाय दिसली की पहिल्याच झटक्यात खरा भाव सांगून मोकळे होतात. त्यांना अनुभव आहे. भाव वाढवून सांगितला तर ती घासाघीस करत नाही, रागवत नाही, पुढच्या गाड्यावरही जात नाही. नुसती उभी राहते आणि म्हणते, "परत बोल." कांदेवाला परत बोलतो. ती पुन्हा म्हणते, "परत बोल." तिसऱ्या वेळी त्याचा आवाज आपोआप उतरतो आणि आवाजाबरोबर भावही.

"खोटं बोलाया दम लागते भाऊ," ती मला म्हणाली होती. "दोनदा कोनीपन बोलते. तिसऱ्यांदा दम सरते."

हा प्रयोग तिने कुणाकुणावर केला ते सांगत बसलो तर दिवस मावळेल. पालघरच्या एका डॉक्टरांनी तिला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं होतं. तीनदा विचारल्यावर ते "बरं, आधी महिनाभर तेल लावून बघा" इथवर आले. घरी पूजा सांगायला आलेल्या भटजींनाही तिने सोडलं नाही. प्रसाद न घेतल्यामुळे गलबत बुडालं, हे ऐकून तिच्यातली कोळीण जागी झाली. "प्रसाद नाय खाल्ला म्हनून बोट बुडाली? परत बोल." तिसऱ्यांदा भटजी म्हणाले, "वाराही असेल."

डॉक्टर, भटजी, पोलीस, सगळे तिला एकेरीच. मला मात्र ती 'तुमी' म्हणते, कारण माझी बायको सुमन तिची 'वयनी'. जमनाबाय समुद्रकाठच्या मुरबे गावची. आमच्या बोईसरच्या सोसायटीत सुकी मासळी विकायला येते. तारापूरच्या एका कारखान्यात मी हिशेब खात्यात होतो. मी कामावर जायचो तेव्हा या दोघी जिन्यात बसून बोंबील निवडत गप्पा मारायच्या. माझा संबंध ताटात पडलेल्या बोंबलापुरता.

सुमन गेली. लोक यायचे, "कसे आहात?" विचारायचे, मी "बरा आहे" म्हणायचो आणि ते निश्चिंत होऊन जायचे. जमनाबायनेही दारात पाटी उतरवून तेच विचारलं.

"बरा आहे," मी म्हणालो.

"परत बोला."

"बरा आहे, जमनाबाय."

"परत बोला."

तिसऱ्यांदा मला बोलता आलं नाही. मी दाराला धरून उभा राहिलो. तिने आत जाऊन चहा टाकला. साखरेचा डबा कुठे असतो हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या स्मरणिकेत एक लेख छापून येतोय. त्यात मी एका गरीब कोळणीला कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तावडीतून सोडवलं, असं लिहिलंय. त्याबद्दल मंडळाने मला शाल दिली, नारळ दिला, आणि मी भाषणही केलं. ते सगळं खोटं आहे. खरं काय झालं ते सांगतो.

जमनाबायच्या मुलाने, दिनेशने, तिच्या नावावर कर्ज काढून तीनचाकी टेम्पो घेतला होता. किनाऱ्यावरून मनोरच्या बाजारापर्यंत मासळी न्यायची असा बेत. मग त्याला मस्कतला नोकरी लागली आणि तो गेला. ड्रायव्हर परवडेना, तेव्हा गुडघ्याला तेल चोळून ही बाई स्वतःच टेम्पो शिकली. ती लायसन्सच्या परीक्षेला बसली त्या दिवसाबद्दल आरटीओचे लोक अजून बोलत नाहीत. पण शिकली. दर महिन्याला कंपनीच्या काउंटरवर जायची, बिलात लिहिला असेल तो हप्ता मोजून भरायची. शेवटचा हप्ता भरला आणि टेम्पोच्या कागदावरचा कंपनीचा बोजा उतरवायला गेली, तर तिच्या हातात एक नोटीस ठेवली.

नोटिशीत म्हटलं होतं की कंपनीच्या संगणकात व्याजाचा दर चुकीचा पडल्यामुळे हप्ता कमी आकारला गेला होता. तरी हप्त्यातला फरक, फरकावरचं व्याज आणि फरक वेळेवर न भरल्याचा दंड मागच्या तारखेपासून भरावा. न भरल्यास टेम्पो जप्त होईल. म्हणजे जो पैसा कुणी मागितलाच नव्हता, तो न दिल्याचा दंड! रक्कम एवढी, की भरायची तर टेम्पोच विकावा लागला असता.

नोटीस घेऊन ती माझ्याकडे आली. "टेम्पो गेला तर माझे पाय गेले भाऊ. अर्ज लिवा."

मी लिहिला. जन्मभर साहेबांना अर्ज लिहिलेला माणूस मी. "झालेली चूक माफ करून दंडात सवलत मिळावी, ही नम्र विनंती."

"वाचा," ती म्हणाली. मी वाचलं. "परत वाचा." वाचलं. तिसऱ्यांदा 'चूक माफ करून' इथे माझीच जीभ अडखळली.

"चूक कोनाची?" तिने विचारलं.

"कंपनीची."

"मंग मी माफ करू का ते मला?"

मी अर्ज फाडून दुसरा लिहिला. त्यात माफी नव्हती.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत तिच्याशेजारी अर्ध्या सीटवर टेकून मी पालघरला गेलो. पाम गाव सोडल्यावर एका ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तर तिने खिडकीतून डोकं काढून त्यालाही विचारलं, "काय? परत वाजव." मी डोळे मिटून घेतले.

कंपनीचं ऑफिस गारेगार होतं. सुक्या बोंबलांची पाटी बाहेर ठेवली तर मांजरं येतील, म्हणून जमनाबायने ती आत आणून खुर्चीवर ठेवली. एसीने आपलं काम केलं. थोड्याच वेळात सगळ्या ऑफिसला पाटी आल्याचं कळलं.

टेबलावरच्या साहेबाने अर्ज वाचला, नाकाला रुमाल लावला आणि गोड आवाजात म्हणाला, "मावशी, निम्मे भरा. आजच्या आज मिटवून टाकतो."

इथे माझं पाप आहे. मी तिच्या कानाला लागून म्हणालो, "भरून टाका. मोठ्या लोकांशी कुठे भांडायचं?"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "परत बोला भाऊ."

"पाणी पिऊन येतो," म्हणालो आणि कोपऱ्यातल्या कूलरपाशी जाऊन उभा राहिलो. पुढची सगळी लढाई मी कूलरच्या आडून ऐकली. मंडळाने ज्याला शाल दिली तो वीर त्या वेळी तिसरा ग्लास भरत होता.

"हे बग," जमनाबाय साहेबाला सांगत होती, "मी बाजारात वाटा लावते. वाट्यात किती मासे घालाचे ते माजा हात ठरवते. गिऱ्हाईक पैशे देते, घरी जाते, खाते. मंग मला आठवलं का दोन बोंबील जास्त गेले, तर मी त्याच्या दारात जाऊन काटं मागू काय?"

रांगेतले लोक हसले. साहेब म्हणाला, "मावशी, इथे सिस्टीम असते. रेट चुकला होता."

"परत बोल."

"म्हणजे... विम्याचा भाग धरायचा राहिला होता."

"परत बोल."

"ते हेड ऑफिसचं धोरण आहे. माझ्या हातात काही नाही."

"मंग लाव त्यांना फोन. सगल्यांना ऐकू दे."

त्याने बहुधा पाटीच्या वासाला कंटाळून फोन लावला आणि स्पीकर चालू केला. एक मुलगी हिंदीत म्हणाली, गाडीचा प्रकार चुकीचा नोंदला गेला होता. "फिरसे बोल बाय," असं जमनाबाय म्हणाली आणि फोन कटला. पुन्हा लावला तर दुसरी मुलगी. ती म्हणाली, ग्राहकाने हप्ते उशिरा भरले. तिसऱ्यांदा एक मुलगा आला. तो म्हणाला, या खात्यावर काहीच बाकी दिसत नाही, आपली आणखी काय सेवा करू?

मग रांगेतला एक जण हळूच म्हणाला, "साहेब, माझंही बिल जरा बघा." त्याच्यामागून आणखी दोघे सरकले. आतल्या केबिनमधून मॅनेजर लगबगीने बाहेर आला. त्याने जमनाबायला आधी पाणी विचारलं, मग चहा, मग पाटीकडे बघत म्हणाला, "मावशी, चूक आमचीच आहे."

"परत बोल."

"चूक आमचीच आहे."

"परत बोल."

तिसऱ्यांदाही तो तेच बोलला. जमनाबायने मान हलवली. "हा खरा. आता लिवून दे."

पुढल्या आठवड्यात बाकी शून्य असल्याचं पत्र आणि नाहरकत दाखला आला. बोजा उतरला. जमनाबायने साऱ्या सोसायटीत मूठमूठ सुकट वाटली आणि सगळ्यांना सांगत सुटली, "भाऊनी केलं. भाऊनी कंपनीला सरल केलं." मी आधी "छे छे" म्हणालो. मग नुसता हसलो. मग शाल घेतली. भाषणात मी 'जागरूक ग्राहक' हे शब्द वापरले. मागच्या रांगेत बसून ती सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

ती शाल घडी करून कपाटात ठेवली होती. कपाट उघडलं की नजरेला पडायची. शेवटी परवा ती पिशवीत घालून मी मुरब्याला गेलो.

घरासमोर दोरीवर बोंबील वाळत होते. जमनाबाय एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोड्या दोरीवर टाकत होती. मी म्हणालो, "ही शाल तुमची. मी कूलरपाशी उभा होतो."

"म्हाइत हाय. पान्याचा आवाज येत होता."

"मग माझं नाव का सांगितलंत? तुम्ही, आणि खोटं?"

"वयनी गेल्यापासून तुमी दाराभायेर पडत नव्हते," ती जोडी टाकत म्हणाली. "आता मंडलात जाता, बाजारात जाता, लोक हाका मारतात. मंग?"

मी मंडळात खरं सांगणार आहे, असं म्हणालो. तिला ते ठीक वाटलं. "सांगा. पन जाया सोडू नका." शाल तिने हातात घेऊन चोळून पाहिली आणि म्हणाली, थंडीत टेम्पो चालवताना बरी पडेल. मला एवढं हलकं वाटलं, की मी चप्पल काढून बोंबील टाकायला बसलो. माझी पहिली जोडी लगेच वाळूत पडली.

"हिशेबातच बरे होते तुमी," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. दिनेशचा होता. तिचे हात मासळीचे, म्हणून मी स्पीकर लावून फोन धरला. पत्र मिळालं का, टेम्पो कसा आहे, असं बोलणं झालं. मग तो म्हणाला, "आये, या वर्साला तरी गणपतीला नक्की येतो."

मी वाट पाहत राहिलो. डॉक्टर, भटजी, मॅनेजर, कुणालाही न सोडणारी बाई आता काय म्हणणार, हे मला पाठ होतं.

"बरं. ये हां," जमनाबाय म्हणाली.

फोन बंद झाला. हातातली जोडी तिने दोरीवर टाकली, मग काढली, मग पुन्हा टाकली.

"काय बगता?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"परत बो..." एवढं बोलून ती थांबली. खाली वाकून तिने वाळूत पडलेले माझे दोन बोंबील उचलले, झटकले, त्यांचे जबडे एकमेकांत नीट अडकवले आणि माझ्या हातात दिले.