शालनच्या अर्जातला शब्द

मला मुलगा झाला तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन मी आधी शेजारच्या साळव्यांकडे गेलो. त्यांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हॅपी, की डिलायटेड? नीट विचार करून सांगा राव, घाई नको."

नुकत्याच बाप झालेल्या माणसाला हे काय विचारणं झालं? पण साळवे होतेच तसे. चिंचवडच्या आमच्या कंपनीत ते तपासनीस होते. त्यांच्या हातात दोन तोंडांचं गेज असे. भोकात त्याचं एक तोंड गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, तरच माल पास. शब्दांनाही त्यांनी हाच कायदा लावला होता. अख्ख्या चाळीचे इंग्रजी अर्ज तेच लिहीत आणि आनंदाचा शब्द आला की त्यांना घाम फुटे. 'ग्लॅड' सैल होतोय, 'थ्रिल्ड' अडकतोय, असं पुटपुटत दोन-दोन दिवस फिरायचे.

आमच्या खात्यातल्या शिंद्यानं स्वतःच्या लग्नासाठी रजा मागताना 'एक्सायटेड' लिहिलं होतं. साळव्यांनी ते खोडून 'प्लीज्ड' केलं. म्हणाले, लग्न अजून व्हायचंय, आधी बघू तर खरं.

एकदा परदेशातून बडे साहेब यायचे होते. मॅनेजरनं स्वागताच्या फलकावर 'एक्स्टॅटिक' असं रंगवून घेतलं. साळव्यांचं धाबं दणाणलं. थेट केबिनमध्ये जाऊन म्हणाले, साहेब, पाहुणे अजून पुणे स्टेशनावर आहेत. आत्ताच आनंदानं एवढे वेडे झालो तर ते गेटात आल्यावर आपण काय व्हायचं? मॅनेजरनं त्यांना हाकललं. त्या दिवशी मी त्यांना पोटभर हसलो, हे कबूल करतो.

मग त्यांच्या शालनचा फॉर्म आला. बायको गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. पोरगी मॅट्रिक झाली होती आणि मद्रासच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिला नर्सिंग शिकायला जायचं होतं. या शिक्षणाबद्दल आपल्याला काय वाटतं ते चार ओळींत लिहा, असा फॉर्मात रकाना होता. पुढच्या सोमवारच्या आत तो मद्रासला पोचायला हवा होता. मंगळवार उजाडला तरी साळव्यांचा रकाना कोराच. शालन सकाळ-संध्याकाळ मला विचारायची, काका, टपालाला चार दिवस पुरतात ना? मी पुरतात म्हणायचो, पण माझाच जीव टांगणीला लागला होता.

बुधवारी फर्स्ट शिफ्टहून आलो, तर साळव्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला. लिहिलेलं पाठवण्याआधी दुसऱ्याच्या नजरेखालून घालायची त्यांची शिस्तच होती. मी वाचलं. पोरगी तिथं यायला 'विलिंग' आहे आणि नर्सिंगमध्ये 'फेअरली इंटरेस्टेड' आहे. बस, एवढंच. असल्या अर्जावर तिला कोण बोलावणार?

"साळवे, हे फार सैल आहे हो," मी म्हणालो.

त्यांनी फॉर्म माझ्या हातातून परत घेतला.

"माहितीय. मुद्दाम ठेवलंय. वीस वर्षांत खोटा माल पास केला नाही राव, पण ती गेली तर या घरात मी बोलू कुणाशी?"

मघापर्यंत त्यांचा राग आला होता, आता नुसतं वाईट वाटत होतं. शालन मोरीत भांडी घासत होती. साळव्यांनी तिला हाक मारून विचारलं, बाळा, खरं सांग, तुला जावंसं किती वाटतं? ती ओले हात पदराला पुसत उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे.

"आबा, झोपच लागत नाही हो मला. डोळे मिटले की आपण तिथंच आहोत असं वाटतं."

साळव्यांनी मान हलवली. ट्रंकेतून दुसरा फॉर्म काढला. चुकला तर असावा म्हणून त्यांनी दोन मागवले होते. खाली बसून एका दमात चार ओळी लिहिल्या. त्यात 'थ्रिल्ड' होतं, आणि एकदा नाही, दोनदा होतं. मला वाचायलाही दिलं नाही, मी खांद्यावरून बघितलं.

पाच वाजता पेटी उघडायची, म्हणून आम्ही दोघं सायकली हाणत पोस्टात गेलो. साळव्यांनी पाकीट पेटीच्या तोंडात घातलं. अर्धं आत गेलं, अर्धं त्यांच्या बोटांत राहिलं. मागं दोन माणसं येऊन थांबली. त्यातला एक खाकरला.

"राव, तुम्ही ढकला," साळवे हळूच म्हणाले. "माझ्याच्यानं सुटत नाही."

मी ढकललं.