उतारू का माल?

माझं अक्षर वाकडं आणि शुद्धलेखन त्याहून वाकडं. चौथीत पाटी सुटली ती सुटलीच. तेवढं सांभाळून घ्यावं.

गंगाखेडला घाटावर नाव चालवणारे बाबूमामा नावेत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "उतारू का माल?" स्वतःच्या सासूलाही त्यांनी हेच विचारलं. ती दोन महिने बोलली नाही. "लय निवांत गेले ते दोन महिने," मामा सांगायचे.

तरुणपणी ते मुंबईहून बोटीवर खलाशी म्हणून गेले होते. "वेस्ट इंडीजकडं एक बेट हाय. तिथं धक्का वाढवायले होते. उतारूंच्या बोटी एकीकडं, मालाच्या दुसरीकडं. आन् आपल्याकडं? बाई, बकरी, पोतं, सगळं एकाच फळीवर!"

खरंच होतं. बाजारातल्या आडत्याची धान्याची पोती आधी चढायची, आम्ही बाया चिखलात उभ्या.

मग मामांनीच घाटाला दगडी धक्का बांधायला घेतला. डावीकडं उतारू, उजवीकडं माल. चुन्याला पैसे कमी पडले, तेव्हा मी साठवलेले चाळीस हाली रुपये, निजामाच्या शिक्क्याचे, दाराआडून पुढं केले.

धक्का झाला आणि पहिल्याच बाजारी आडत्याच्या हमालांनी डावीकडं पोती रचली. मामा वल्हं मांडीवर घेऊन बसले.

"पोती उचला. न्हाईतर नाव हालत न्हाई."

"बायांसाठी धक्का? येड लागलंय का म्हाताऱ्या?" आडत्या ओरडला.

"लागलंय. उचला."

तरीही हमाल पोती चढवायला निघाले. चारचौघांत तोंड न उघडणारी मी फळीच्या तोंडाशी जाऊन बसले. मागोमाग पाच-सहा बाया बसल्या. आम्हाला ओलांडायची कुणाची छाती झाली नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आडत्यानं पोती उजवीकडं नेली.

नावेत मी विचारलं, "मामा, त्या बेटावर लय फिरला असाल?"

मामा वल्हं मारत म्हणाले, "उतरूच दिलं न्हाई, पोरी. खलाशी म्हंजे मालातला. बोटीच्या खालच्या भोकातून धक्का बघितला, तेवढाच."

पुढं आडत्याकडनं पोत्यामागं पैसा घेऊन त्यांनी माझे रुपये फेडले. घेतले हाली, दिले इंग्रजांचे कलदार, हालीपेक्षा भारी. फरकाचा बट्टा कापू म्हटलं तर रागावले. शेवटचा रुपया हातावर ठेवून म्हणाले, "फिटलं."

मी विचारलं, "मामा, तुमी उतारू का माल?"

ते हसले नाहीत. नाव खुंटीला बांधली, धक्क्यावर आमच्या बाजूला आले आणि पाण्यात पाय सोडून बसले.

"उतारू," म्हणाले.

रुपया माझ्या मुठीत होता. चाळीसच्या चाळीस फिटले होते.