मालतीवहिनींचे पेढे

मालतीवहिनी ट्यूबलाइटखाली बसतानाही डोक्यावर छत्री धरत. आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत सत्यनारायण असला की सगळे तीर्थप्रसाद घेत असायचे आणि या मात्र कोपऱ्यात काळी छत्री उघडून बसलेल्या. उरणहून मासे घेऊन येणारी कोळीण त्यांना म्हणायची, "वयनी, पाऊस नाय, ऊन नाय, छत्री कशाला गो?"

"तोंडावर चट्टे उठतात. तू सुरमई दाखव."

आता त्या नाशिकला लेकीकडे असतात. समोरच्या दाराला कुलूप आहे आणि मजला फार शांत झालाय.

दुखण्याला त्या पाहुणे म्हणत. "भाऊजी, काल पाहुणे गुडघ्यात होते, आज मनगटात उतरलेत." दुसऱ्या दिवशी त्याच मनगटाने पुरणपोळ्या लाटत. मग आम्ही हसायचो. 'नाटकवहिनी' हे नाव मी ठेवलं, हे आता लिहून टाकतो. इतकी वर्षं ते त्यांच्या यजमानांच्या नावावर खपलं. तेही म्हणायचे, "हिच्या मनाचे खेळ आहेत."

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी एएनए नावाची रक्ततपासणी करायला सांगितली. आपलं रक्त आपल्याच पेशींवर उठलंय का, याचा त्यात सुगावा लागतो. ती पॉझिटिव्ह आली. मी खालच्या बाकावर बसून ज्ञान पाजळलं, "धडधाकट माणसाचीही येते ती." ते खरंही होतं. म्हणूनच बाईंनी पुढची, जास्त नेमकी, डीएसडीएनएची रक्ततपासणी करवली, लघवी पाहिली, चट्टे पाहिले, सांधे दाबले, आणि सगळं जुळल्यावरच आजाराचं नाव सांगितलं. ल्युपस.

त्या संध्याकाळी वहिनींनी घरोघर पेढे वाटले.

"नातू झाला का हो?" आमच्या हिने विचारलं.

"ल्युपस झालाय," वहिनी म्हणाल्या. "रक्तातच सापडला. घ्या, दोन घ्या."

पुढे औषधं लागू पडली. ठरलेल्या तपासणीला त्या लग्नाला निघाल्यासारख्या मोत्यांच्या कुड्या घालून जात. यजमान गेल्यानंतर सोबतीला मी जाऊ लागलो. एकदा डीएसडीएनए चक्क नॉर्मल आलं. बाई खूश झाल्या. दुखणं रिपोर्टच्या तालावर चालतंच असं नाही, तेव्हा त्रास झाला तर सांगा, असंही म्हणाल्या. परतताना रिक्षात वहिनी तो रिपोर्ट पुन्हा पुन्हा उलगडून बघत होत्या.

"चांगलं झालं की," मी म्हणालो.

"हो ना." मग म्हणाल्या, "पण आता दुखलं तर कोण खरं मानणार?"

मी रिपोर्ट त्यांच्या हातातून घेतला. घडी घालून तो त्यांच्या पिशवीत ठेवला आणि विचारलं, "आज हात कसे आहेत?"

शेजारी राहून एवढी वर्षं झाली, पण हे मी कधी विचारलं नव्हतं.

"दुखतायत," म्हणाल्या. "सकाळी बोटं मिटतच नव्हती."

पुढे रस्ता खोदलेला होता. मी रिक्षावाल्याला हळू घ्यायला सांगितलं.