एक नंबरची बाटली

"बाबा, एक नंबरची बाटली अर्धी कशी झाली?" सूनबाईचा आवाज फ्रिजमधूनच आला, कारण तिचं डोकं अजून आतच होतं.

"मी घेतले चार घोट," सासरे म्हणाले. "त्या पाल्याच्या अर्कानं मेंदूतल्या पेशी सुकत नाहीत, असं तूच म्हणतेस ना? मग बाटलीत ठेवून काय लोणचं घालायचंय? पण काय कडूजहर गं!"

सूनबाई मटकन खालीच बसली. तीन वर्षं पाला वाटून, गाळून, आटवून तो एवढासा अर्क निघाला होता. प्रयोगशाळेतला फ्रिज नेमका काल बिघडला, म्हणून तिनं दोन्ही बाटल्या घरी आणल्या. एकीत अर्क, दुसरीत तुलनेसाठी नुसतं रंगीत पाणी. तपासणाऱ्यांना ओळखू येऊ नये म्हणून वर फक्त आकडे. दहा वाजता समितीपुढे जायचं होतं, आणि तीन वर्षं बहुतेक सासऱ्यांच्या पोटात गेली होती!

"कशात काय आहे ते तुला ठाऊक असेलच की," सासूबाई म्हणाल्या.

"चिठ्ठीत लिहिलंय. चिठ्ठी बाबांच्या चष्म्याच्या डबीत."

"यांच्या डबीत? अगं, शहाणी का खुळी तू?"

"दिवसातून दहादा शोधतात, म्हणजे दहादा सापडते ना ती!"

आज मात्र सापडेना. गाद्या उलटल्या, कपाटं उपसली. एवढ्यात सासऱ्यांनी बोट वर केलं. "थांबा! काल नळवाला आला, तेव्हा मी डबी ठेवली... छत्रीत!"

डबी खरंच छत्रीत निघाली. सगळे थक्क. कालच हा माणूस शेजाऱ्यांच्या चपला घालून घरी आला होता. आता मात्र सासरे थांबेनात. ते सासूबाईंकडे वळले. "आणि काय गं, माझा निळा स्वेटर उंदरांनी कुरतडला म्हणालीस, तो तू भावाला दिलास! मंगळवार होता!"

"दूध उतू गेलं वाटतं," म्हणत सासूबाई पसार झाल्या.

सूनबाईनं डबी हिसकावून घेतली. एवढं आठवतंय म्हणजे अर्कच गेला! तिनं घाईघाईनं चिठ्ठी उघडली. 'एक: रंगीत पाणी, कडू केलेलं. दोन: अर्क.' चवीवरून कुणी ओळखू नये म्हणून तिनंच पाणी कडू केलं होतं, आणि तीच साफ विसरली होती! तिनं सासऱ्यांना गदागदा हलवून मिठी मारली. पाणी काय, दहा मिनिटांत पुन्हा होईल.

तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या सरांचा फोन आला. "तयारी झाली ना? रंगीत पाण्यानं स्मरणशक्तीत काडीचाही फरक पडत नाही, हे समितीला ठणकावून सांगायचंय बरं का."

बाहेर सासरे इयत्ता दुसरीतली कविता चालीवर म्हणत होते. सहावं कडवं चाललं होतं.

"काडीचाही नाही, सर," असं म्हणून सूनबाईनं हळूच दार लोटून घेतलं.