तोतया मांजरीचा पर्दाफाश

“मी माणसाच्या चपलेवरून त्याच्या आजोबांचा धंदा सांगतो. माझं नाव ऐकलं की गुन्हेगार शहर सोडतात.” आमचे भावजी स्वतःची ओळख अशी करून देतात. त्यांचं नाव ऐकून शहर सोडलेले मला ठाऊक आहेत, पण ते सगळे त्यांचे नातेवाईक. मी त्यांचा मेव्हणा आणि फुकटचा मदतनीस. बहिणीचा संसार म्हणून मूग गिळून बसतो.

आमच्या आत्याकडे एक सयामी मांजर आहे, नाव साय. अंग सायीच्या रंगाचं. कान, तोंड, पाय आणि शेपूट मात्र कोळशात बुडवल्यासारखी. काका गेल्यापासून आत्याच्या पायाशी शालीवर झोपणारा हा एकच जीव. मध्यंतरी ती कपाटावरून पडली. जनावरांच्या डॉक्टरांनी पाठ भादरून टाके घातले आणि काही दिवस तिला ठेवून घेतलं. ती घरी आली, पाठीवर केस उगवले, आणि उगवले ते काळेभोर. आत्या हबकली. ही आपली साय नव्हेच, असं तिच्या मनानं घेतलं.

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू.

“मेव्हणे,” भावजी म्हणाले, “संशयिताशी बोलायचं नसतं. तो सावध होतो.”

त्यांनी मांजरांच्या जातींचा एक तक्ता आणून भिंतीवर लावला आणि तो उलटा लागलाय हे मी सांगेपर्यंत त्यावरून दोन निष्कर्षही काढले. पहिला संशय खालच्या शिंप्याच्या तिरंगी बोक्यावर. पांढरा, काळा, तांबूस असे तीन रंग म्हणजे वेशांतराची सवय. भावजींनी आठवडाभर त्याच्यावर पाळत ठेवली. शेवटी तो बोका कापडाच्या ढिगावर व्यायला. तीन रंगांचं मांजर बहुतेक मादीच असतं, हे शिंप्यानं कात्री न थांबवता सांगितलं.

मग मुख्य सिद्धांत आला. डॉक्टरांनी खरी साय लंपास केली आणि एक काळी मांजर सायीच्या रंगात रंगवून आत्याच्या गळ्यात मारली. आता तो रंग उडतोय. भावजींनी तिला साबणानं घासून पाहिलं. सालं निघाली ती भावजींच्या नाकाची.

“हिला गॅलरीत ठेवा. गारठ्यात रंग सुटतो,” नाकाला पट्टी लावून ते म्हणाले. “खरी असेल तर रंग टिकेल.”

थंडीचे दिवस. पण जावयाचा शब्द मोडायचा कसा? आत्यानं मन घट्ट केलं आणि साय खोक्यासकट गॅलरीत गेली. काचेवर पंजे घासून ती ओरडायची आणि आत्या आत पदरानं कान झाकून बसायची. आत्याचं अन्न तुटलं. मला दोघींची कीव यायची आणि भावजींची चीड. त्यात दिवसेंदिवस सायीची पाठ, मांड्या, सगळंच काळवंडत चाललं, तसतसे भावजी फुगत चालले.

शेवटी माझ्या बहिणीनं कणीक मळता मळता खांद्याला फोन धरून डॉक्टरांना विचारलं. उत्तर एका दमात मिळालं. या जातीची पिल्लं पांढरीच जन्मतात. अंग जिथे गार पडतं तिथले केस काळे उगवतात, म्हणून कान, पाय नि शेपूट काळी. भादरलेली पाठ उघडी होती, तिला गार लागलं. उबेत ठेवा, पुढचे केस उजळ येतील.

“आणि गॅलरीत ठेवली तर?” बहिणीनं विचारलं.

“इतकं मूर्ख कोण असेल?” डॉक्टर म्हणाले.

आत्यानं दार उघडलं. साय कुणाकडेही न बघता थेट पलंगावर चढली आणि शालीवर जाऊन अंगाची वळकटी करून बसली. आत्या तिच्याशेजारी बसून रडली. “बाई गं, तुला ओळखलं नाही मी,” एवढंच म्हणत राहिली.

मग डोळे पुसून ती शांतपणे म्हणाली, “जावईबापू, तिची वाटी राहिलीय बाहेर. आणता जरा?”

भावजी गेले. आत्यानं आतून कडी घातली.

“बसा तिथेच,” ती म्हणाली. “खरे असाल तर रंग टिकेल.”

बहीण पोळ्या लाटायला वळली. भावजी काचेवर बोटं वाजवून मला हाका मारत होते. मी ताट पुढे ओढलं. संशयिताशी बोलायचं नसतं.