देवचाराच्या चपला

कासरखोलच्या देवचाराने शिमग्यानंतर खाण कंपनीत वॉचमनची नोकरी धरली.

देवचार म्हणजे गावचा राखणदार. तो कुणाला दिसत नाही, फक्त त्याची काठी वाजते. वर्षभर शीव फिरून तो चपला झिजवतो, म्हणून गाव दर दसऱ्याला देवराईत नवी जोडी ठेवतो. ती जोडी भामाकाकी शिवायची. यंदा ती चैत्रात सहज बघायला गेली, तर गेल्या दसऱ्याची जोडी निम्मी झिजून तशीच पडलेली. देवराईतल्या झऱ्यावर अख्ख्या वाडीचं पाणी, आणि वरच्या डोंगराला कंपनीचे सुरुंग लागायचे होते. राखणदार नाही म्हटल्यावर झरा गेलाच की!

ती तडक कंपनीच्या गेटवर गेली. निळ्या शर्टात, काळ्या बुटांत देवचार उभा होता. पगारपत्रकावर नाव चढल्यापासून तो सगळ्यांना दिसू लागला होता.

“म्हाराजा, तू हंय कसो?”

“पास आहे का, बाई?”

“माका पास? माझ्याच डोंगरार जाऊक?”

“आतली जागा प्रकल्पाची आहे.”

“लाज नाय वाटत तुका?”

तेव्हा मात्र त्याचं छापील मराठी गळून पडलं. “माका लाज? बारा म्हयने शीव फिरलंय, वर्साक येक कोंबो दिल्यात. अर्ध्या गावान डोंगर इकल्यान, तेव्हा माका कोणी इचारल्यान?”

काकी आली तशी मागे फिरली. विकणाऱ्यांत तिचा सख्खा दीर होता.

देवळात गाव जमला. मानाचे गावकर म्हणाले, “राखणदाराची जागा खाली आसा. कोण येता?” सगळे खांब मोजू लागले. एकाचा गुडघा दुखत होता, एकाचा पोरगा कंपनीच्या डंपरवर होता. खाणीविरुद्धच्या आंदोलनात घोषणा देताना याच मंडळींचा घसा बसला होता म्हणे!

“चपला मी शिवलंय, मीच घालतंय,” काकी म्हणाली.

माप दुप्पट मोठं होतं. तिने आत चिंध्या कोंबल्या. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, आजपासून ही भामा आमची राखणदार. हिची काठी शिवेर वाजत ऱ्हवांदे!”

“व्हय म्हाराजा!” गाव एका सुरात ओरडला. त्यात तिचा दीरही होता. दुसऱ्या दिवसापासून काकी कुणाला दिसेनाशी झाली.

मग कंपनीचे डंपर शिवेवर बंद पडू लागले. मोजणीवाले सकाळी निघत आणि चकवा लागून संध्याकाळी गेटवरच परतत. काकीच्या पायांची मात्र चाळण झाली. शेवटी कंपनीचे साहेब स्वतः देवराईच्या तोंडाशी आले. रिकाम्या जागेला नमस्कार करून म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे अजून एक जागा आहे. आठवड्याची सुट्टी, दवाखाना मोफत.” त्यांनी नव्या बुटांचा जोड खाली ठेवला. माप अगदी तिचंच होतं.

काकीने बूट पायाला लावून पाहिले. मोह झाला, का होऊ नये? पण दसरा दोन दिवसांवर आला होता. गाव नवी जोडी ठेवणारच.

दसऱ्याला गाव आला. नारळ आला, कोंबडा आला. चपला शिवणारं मात्र गावात आता कुणी उरलं नव्हतं, म्हणून आठवडी बाजारातून रबरी स्लीपर आणली होती. काकीला रडू फुटलं. ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग तिने साहेबांचे बूट उचलून शिवेबाहेर भिरकावले, स्लीपर पायात घातली आणि फेरीला निघाली. पहिल्याच उतारावर स्लीपरचा पट्टा तुटला.

झऱ्यावर काकीच्या दिराची सून हंडा भरत होती. वरून काठी ऐकू आली तशी ती शेजारणीला म्हणाली, “राखणदार हल्ली लंगडता गो.”

“व्हय, माकाव तसाच वाटता,” शेजारीण म्हणाली, आणि तिने आपला हंडा धारेखाली लावला.