राधाकिशन सरांचे नूतनीकरण

नांदूरघाटच्या माध्यमिक शाळेतले इंग्रजीचे शिक्षक राधाकिशन सर यांचे नूतनीकरण करण्याचा आदेश ऐन दुष्काळात आला. विहिरींचे नूतनीकरण निधीअभावी स्थगित होते. इंग्रजी शिक्षकांसाठी मात्र स्वतंत्र तरतूद होती. अर्धी नोकरी झाली की शिक्षक आटतो, असे वरिष्ठांच्या निदर्शनास आले होते.

सर आटले होते हे खरेच. इतकी वर्षे ते फळ्यावर गाइडातली उत्तरे लिहीत आणि पोरे ती उतरवून घेत. कोणाचा कोणाला त्रास नव्हता.

प्रशिक्षण साखर कारखान्याच्या सभागृहात झाले. उसाअभावी कारखाना बंद होता, सभागृह चालू होते. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी सर्वांना डोळे मिटून आपल्या आतला झरा ऐकायला सांगितले. बाकीचे शिक्षक या संधीचा लाभ घेऊन झोपले. राधाकिशन सरांनी खरोखर ऐकले. उभ्या नोकरीत आपण एकाही पोराला स्वतःच्या मनातले एक वाक्य इंग्रजीत बोलू दिले नाही, हे त्यांना जेवणाच्या तोंडावर उमगले आणि गुलाबजाम गोड लागेना. योजनेचा असा परिणाम होईल, हे ती आखणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते.

गावी येताच त्यांनी गाइड कपाटात कोंडले. मनात असेल ते बोला, चुकले तरी चालेल, असे वर्गाला सांगितले. निम्मा वर्ग आईबापांमागे परजिल्ह्यात ऊसतोडीला गेला होता. उरलेल्यांत चंद्रभागा होती, आजीपाशी मागे राहिलेली. पोरे आधी बावचळली, मग सुटलीच. शेळी, भाकरी, आजीचा गुडघा, सगळे इंग्रजीत येऊ लागले. घंटा झाली की सरांना हळहळ वाटे. हे त्यांना नवीन होते.

वह्या कोऱ्या राहतात अशी पालकांनी तक्रार केली. ती संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव यांच्यापर्यंत गेली. सुंदरराव कारखान्याचे, शाळेचे आणि पाणीपुरवठा सहकारी संस्थेचेही चेअरमन होते. त्यांना उलट आनंद झाला. टँकरपूजनाला मोठे पाहुणे यायचे होते. आपल्या शाळेची पोरगी त्यांच्यापुढे इंग्रजीत बोलेल, असे त्यांनी ठरवून टाकले.

गावाला दोन टँकर मंजूर होते. एक गावात येई, दुसरा सुंदररावांच्या मोसंबीच्या बागेकडे वळे. हे सगळ्या गावाला ठाऊक होते, म्हणूनच त्यावर कोणी बोलत नसे.

टँकरला हार घातला, नारळ फुटला. चंद्रभागा माइकपुढे आली. नव्या तत्त्वानुसार सरांनी तिच्याकडून काही पाठ करून घेतले नव्हते. तिने सुंदररावांकडे पाहिले आणि स्वच्छ आवाजात विचारले, "सर, व्हेअर इज अवर सेकंड टँकर?"

सुंदरराव सरांकडे वळले. "काय म्हणली हो पोरगी?"

सरांच्या आतला झरा खळखळला. तेवढ्यात त्यांना आपला वाढीव वेतनश्रेणीचा प्रस्ताव आठवला. तो सुंदररावांच्या सहीसाठी पडून होता.

"साहेब," ते म्हणाले, "तुमच्या कृपेनं दुसरा टँकरही येईल, असं म्हणाली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाळा लई पुढे गेली, असे सुंदररावांनी जाहीर केले आणि अशा शिक्षकाला एका गावात डांबून ठेवणे हा जिल्ह्यावर अन्याय आहे, असेही.

मंडप पांगल्यावर चंद्रभागेने सरांना गाठले. "सर, माझं वाक्य चुकलं का?"

"न्हाई. बरोबर हाय."

"मग तुमी दुसरंच कावून सांगितलं?"

सर चपला शोधू लागले.

हल्ली ते जिल्हाभर फिरून शिक्षकांचे नूतनीकरण करतात. त्यांचा विषय 'निर्भय संवाद'. वर्गात गाइड परत आले आहे, वह्या भरलेल्या आहेत, पालक समाधानी आहेत.

आता त्या मंडपात दहावी झालेला निम्मा गाव बसला होता. 'व्हेअर' म्हणजे कुठे, एवढे सगळ्यांना येत होते. टाळ्या त्यांनीच वाजवल्या. आम्हीही ते वाक्य मराठीत दिलेले नाही, तरी वाचकांना अर्थ लागलाच असेल. त्यांच्या गावचा दुसरा टँकर कुठे जातो, हे आम्ही त्यांना विचारणार नाही. तेही आम्हाला विचारत नाहीत.